बिनतारी ग्रंथपेटी



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या रांगेत बसून ऐकावे, ही आजवरची वहिवाट. ती यंदा संयोजकांनी मोडली. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे शिक्षण यंत्रमागाच्या खडखडाटात आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा आजच्या विषयात शास्त्राची चूक दिसली, तर ती पदरात घ्यावी. अनुभवाची चूक मात्र दिसणार नाही, एवढी हमी देतो.

विषय ऐकायला किरकोळ आहे. कॉम्प्युटरवर जमवलेली पुस्तके तारेवाचून टॅब्लेटवर कशी न्यावीत? घरातला नातू हे काम पाच मिनिटांत करून देईल. मग त्यावर व्याख्यान कशाला? तर या किरकोळ कामामागे एक मोठा प्रश्न उभा आहे, आणि तो आम्हाला एका भिजलेल्या पुस्तकाने शिकवला.

वीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनची एक ग्रंथपेटी होती. पेटी म्हणजे खरीच पत्र्याची ट्रंक. दर रविवारी ती सायकलच्या कॅरिअरला बांधून आम्ही विडी कामगारांच्या वस्तीत नेत असू. दीडशेच्या आसपास पुस्तके होती. साने गुरुजी होते, हरिभाऊ आपटे होते, बाबासाहेब होते, आणि कामगार कायद्याची दोन-चार पुस्तके. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बाया हात पुसून पुस्तक घ्यायच्या. मराठी लिहिता-वाचता येणारी एखादी मुलगी शेजारच्या तेलुगू बोलणाऱ्या घरात ते वाचून, समजावून सांगायची.

त्यातली एक बाई सभेला नेमाने येई. पुढे बसे आणि प्रश्न विचारी. एका पावसाळ्यात ती यायची बंद झाली. सहा महिने आली नाही. आम्हाला वाटले, मालकाच्या माणसांनी दमदाटी केली असेल. चौकशीला घरी गेलो, तेव्हा तिने फडताळातून फडक्यात बांधलेले एक पुस्तक काढले. छत गळून ते भिजले होते, पाने एकमेकांना चिकटली होती. ती म्हणाली, "अण्णा, भरून द्यायला पैसे नव्हते. कुठल्या तोंडानं सभेला येऊ?"

पुस्तकाची किंमत होती साठ रुपये. त्या साठ रुपयांपायी आमची एक चांगली कार्यकर्ती सहा महिने घरात कोंडली गेली. त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. छापील ग्रंथाचा धर्मच असा आहे की, एकाला दिला की दुसऱ्याला मिळत नाही, आणि हरवला की घेणारा गुन्हेगार ठरतो. गरिबाच्या घरी ग्रंथ नेणे म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक कर्ज ठेवणे, असे आमच्या हातून नकळत होत होते.

पुढे काळ बदलला. आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आला, आणि वर्गणीतून चार टॅब्लेट घेतल्या. पुस्तकेही आली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपले पुष्कळ ग्रंथ संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. ई साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मराठी पुस्तके विनामूल्य वाटते. मराठी विकिस्रोतावर जुने ग्रंथ लोक स्वतःच्या हाताने टंकून घालतात. पाहता पाहता आमच्या कॉम्प्युटरवर जुन्या पेटीच्या चौपट ग्रंथ जमले. परंतु कॉम्प्युटर कचेरीत आणि वाचक वस्तीत! एका तारेने एकेक टॅब्लेट जोडायची, पुस्तके चढवायची, पुढची जोडायची, यात रविवार संपून जाई. तार सैल झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा एका कार्यकर्त्याच्या मुलीने आम्हाला 'कॅलिबर' दाखवले. हा ग्रंथ सांभाळणारा एक प्रोग्रॅम आहे. कोविद गोयल या आपल्या देशातल्या तरुणाने अमेरिकेत शिकत असताना २००६ साली तो लिहायला घेतला. स्वतःचे वाचनयंत्र स्वतःच्या कॉम्प्युटरला जुळत नव्हते, एवढीच त्याची अडचण होती. आज तो जगभर फुकट वापरला जातो. त्याचा आतला मजकूर कोणालाही पाहता येतो, सुधारता येतो. एकाची अडचण सुटली आणि त्याने तोडगा सर्वांना खुला केला. युनियन तरी याहून निराळे काय करते?

आता कृती सांगतो. कॅलिबरमध्ये पुस्तके भरली की त्यात 'कंटेंट सर्व्हर' म्हणून एक सोय आहे, ती सुरू करायची. सर्व्हर म्हणजे वाढपी. तो पंगतीत उभा राहतो, आणि जो मागेल त्याच्या पानात वाढतो. त्याचा पत्ता आकड्यांत असतो. घराचा नंबर असावा तसा कॉम्प्युटरचा नंबर, आणि त्यापुढे दाराचा नंबर. हे दार बहुधा ८०८० असते. टॅब्लेटवर ज्या खिडकीत आपण एरवी इंटरनेट पाहतो, त्या खिडकीत हा पत्ता टाकला की आपल्या ग्रंथांची यादी समोर येते. बोट लावले की ग्रंथ उतरतो. नुसत्या मजकुराचे पुस्तक एखाद्या एमबीचे, ते डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी येते. पानांचे फोटो काढून केलेले पुस्तक चाळीस-पन्नास एमबीचे, त्याला थोडा दम धरावा लागतो.

मधे तार नाही, मग पुस्तक येते कसे? राउटरच्या डबीतून रेडिओच्या लहरी निघतात. आकाशवाणीच्या मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर. राउटरच्या नेहमीच्या लहरींची लांबी सुमारे साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. अशाच आखूड लहरी भिंतीपलीकडे पाठवून जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात घंटा वाजवून दाखवली होती. त्या लहरींवर आज घंटेऐवजी ग्रंथ जातो, एवढाच फरक.

आणि यातली खरी गोम अशी की, या कामाला इंटरनेट लागत नाही! कॉम्प्युटर आणि टॅब्लेट एकाच राउटरशी जोडलेली असली की पुरे. बाहेरची लाइन तुटलेली असो, महिन्याचे पैसे भरलेले नसोत, ग्रंथ जातोच. राउटर नसेल तर फोनचा हॉटस्पॉट लावावा, तोच राउटर होतो. आम्ही लॅपटॉप आणि एक फोन घेऊन वस्तीतल्या मारुतीच्या पारावर बसतो. तीच आमची नवी ट्रंक.

पहिल्या रविवारी मात्र आमची चांगलीच फजिती झाली. पंधरा-वीस बाया जमल्या, आणि एकाही टॅब्लेटवर यादी उघडेना. आम्ही भाषण लांबवत राहिलो. शेवटी दहावीतली एक पोर पुढे आली आणि म्हणाली, "अण्णा, ही टॅब्लेट मोबाईलच्या डाटावर आहे, तुमच्या वायफायवर नाहीच." दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटर मधेच झोपी गेला. तिसऱ्या खेपेला राउटरने कॉम्प्युटरचा नंबरच बदलला, आणि जुन्या पत्त्यावर कोणी भेटेना. त्यावरून धडा घेऊन आता आम्ही चार गोष्टी पाहतो. दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर आहेत ना? कॉम्प्युटरची झोप बंद केली आहे ना? त्याचा नंबर राउटरमध्ये पक्का केला आहे ना? आणि कॉम्प्युटरच्या पहारेकऱ्याने, म्हणजे फायरवॉलने, दार अडवलेले नाही ना? वायफायला आणि ग्रंथसंग्रहाला पासवर्ड ठेवावा. वर्गणीचे हिशोब आणि सभासदांची यादी शक्य तर वेगळ्या यंत्रावर ठेवावी. पंगत सर्वांना खुली असावी, तिजोरी नव्हे.

मराठीपुरती आणखी एक सूचना. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टात जुळवलेला मजकूर दुसरीकडे नेला की त्याची निरर्थक अक्षरे होतात. तेव्हा शक्य तो युनिकोडमधली 'ईपब' पुस्तके घ्यावीत. त्यांतली अक्षरे बोटाने मोठी करता येतात. आमचे एक निवृत्त गिरणी कामगार मोतीबिंदूमुळे दहा वर्षे छापील पान वाचू शकले नव्हते. अक्षर बोराएवढे करून दिल्यावर ते पहिल्या दिवशी तीन पाने वाचून थांबले. आम्ही विचारले, "काका, थकलात?" म्हणाले, "नाही रे, पुरवून वाचतोय."

आता मोठ्या प्रश्नाकडे येतो. कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? दुकानातून ई-पुस्तक विकत घ्या, ते आपोआप टॅब्लेटवर येते. येते खरे. परंतु ते कोणाच्या कपाटातून येते? जुलै २००९ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची दोन पुस्तके गिऱ्हाइकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते असे कारण सांगितले, पैसे परत केले, पुढे माफीही मागितली. पण आपण पैसे मोजून घेतलेले पुस्तक रात्रीतून नाहीसे होऊ शकते, हे जगाला कळले. त्याच कंपनीने २६ फेब्रुवारी २०२५ पासून विकत घेतलेली पुस्तके कॉम्प्युटरवर उतरवून तारेने किंडलवर नेण्याची सोयही बंद केली. बिनतारीचेही दोन प्रकार आहेत, हे यावरून ध्यानात यावे. एकात लहर आमच्या कॉम्प्युटरवरून आमच्या टॅब्लेटवर जाते. दुसऱ्यात ती दूरच्या मालकाच्या कोठारातून येते, आणि त्याच वाटेने मालकाचा हात आपल्या घरात शिरतो. यंत्र वाईट नाही. चावी कोणाकडे, हा सवाल आहे. गिरणीतही हाच सवाल होता.

चावी आपली हवी म्हणताना लेखकाची मजुरी बुडवायची नाही, हेही आम्ही तितक्याच ठासून सांगतो. पुस्तकाची फुकट नक्कल काढता येते म्हणून ती काढावी, हा न्याय नव्हे. हजारातल्या चांगल्या विड्या छाट म्हणून बाजूला सारून मजुरी कापली की आम्ही भांडतो. मग लेखकाची मजुरी आम्ही कशी कापावी? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी सर्वांचे होते. जोतीराव फुले, हरिभाऊ आपटे, साने गुरुजी, बाबासाहेब, आणि आपल्या सोलापूरचा शाहीर राम जोशी यांचे असे ग्रंथ आता सर्वांचे आहेत. अण्णा भाऊ साठे १९६९ साली गेले, म्हणून त्यांच्यासाठी १ जानेवारी २०३० पर्यंत थांबावे लागेल. तोवर त्यांची छापील पुस्तके आम्ही विकत घेतो आणि तीच फिरवतो. भिजले तर युनियन भरून देईल, असा ठरावच आम्ही केला आहे.

या सगळ्याची कसोटी लागली ती गेल्या वर्षी. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि २९ कायद्यांची जागा त्यांनी घेतली. विडी आणि सिगार कामगारांचा १९६६ चा कायदाही त्यांत गेला. आमच्या कपाटातली कायद्याची पुस्तके एका दिवसात जुनी झाली. छापील नव्या पुस्तकांची वाट पाहिली असती तर महिने गेले असते. आम्ही संहितांचा मजकूर उतरवला आणि पुढच्याच रविवारी पारावर बसून वाटला. संहितांविषयी आमच्या युनियनचे मत सर्वांना ठाऊक आहे, ते इथे सांगत नाही. पण ज्या कायद्याने आपले पोट बांधले जाते, तो निदान आपल्या मांडीवर उघडा असावा! जुनी पुस्तके मात्र आम्ही पुसली नाहीत. त्यांच्या नावापुढे वर्ष घातले. मागल्या सालांचा हिशोब मांडायचा तर मागलेच पुस्तक लागते.

त्या रविवारी एक जुना चेहरा पारावर दिसला. भिजलेल्या पुस्तकाची ती बाई. केस पांढरे झाले आहेत. शेजारी नात बसली होती. नातीने टॅब्लेट हातात धरली, आणि आजी विचारू लागली, "अण्णा, हे हरवलं तर?" आम्ही म्हणालो, "अक्का, पुस्तक हरवत नाही. ते कचेरीत आहेच. पुन्हा घेऊन जा." ती काही बोलली नाही. नातीला म्हणाली, "वाच मोठ्यानं."

'वाच मोठ्यानं' या दोन शब्दांत आमचे सारे व्याख्यान आले. १८६५ साली क्युबातल्या हवाना शहरात, एल फिगारो नावाच्या सिगार कारखान्यात, कामगारांनी स्वतःच्या मजुरीतून वाचक नेमला. हात तंबाखू वळत, कान ग्रंथ ऐकत. दुसऱ्याच वर्षी सरकारने त्यावर बंदी घातली, तरी ती प्रथा मेली नाही. केरळात कण्णूरकडच्या विडी कामगारांनीही विड्या वळताना वर्तमानपत्रे वाचून घेतली. आमच्या वस्तीत आज चार टॅब्लेट आहेत. एकेकीभोवती आठ-दहा सुपे बसतात, आणि मधे एक पोर वाचते. तेव्हा लहर टॅब्लेटपाशी आली म्हणजे काम संपले असे समजू नका. शेवटची हातभर वाट आवाजानेच पार करायची आहे.

म्हणून जाता जाता एकच मागणे मागतो. तुमच्या घरात एखादी जुनी टॅब्लेट कपाटात पडून असेल, तर ती पुसून, चार्ज करून, जवळच्या वस्तीतल्या एखाद्या वाचणाऱ्या पोरीच्या हाती द्या. तीत ग्रंथ आम्ही भरू. तार लागणार नाही.