गव्हावाचूनचे ताट : सिलिॲक आजार आणि त्याचे पथ्य

सिलिॲक हा लहान आतड्याचा, जन्मभर सोबत राहणारा आजार आहे. त्यावर आजवर खात्रीचे औषध निघालेले नाही. मात्र गहू, जव आणि राय ही तीन धान्ये आहारातून पूर्णपणे काढून टाकली, की बहुतेक रुग्णांचे आतडे पुन्हा भरून येते. या धान्यांमधील ज्या प्रथिनांमुळे हा आजार होतो, त्यांना एकत्रितपणे ग्लुटेन म्हणतात. गव्हाच्या पिठात पाणी घालून ते मळले की ही प्रथिने एकमेकांत गुंतून त्यांचे चिवट जाळे बनते. पोळी न फाटता पातळ लाटता येते आणि पाव फुगून हलका होतो, तो या जाळ्यामुळे. ज्वारीच्या पिठात ते नसते. म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि भाकरी हाताने थापावी लागते.

लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्यामुळे अस्तराचे क्षेत्रफळ अनेक पटींनी वाढते आणि अन्नातील सत्त्व त्यांच्यामार्फत रक्तात शोषले जाते. ग्लुटेन पूर्णपणे पचत नाही. त्याचे काही तुकडे तसेच राहतात. बहुतेकांना त्याचा उपद्रव होत नाही. सिलिॲकच्या रुग्णात मात्र शरीराची संरक्षक यंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजते आणि त्यांच्याशी लढताना आतड्याच्या स्वतःच्याच अस्तरावर उलटते. उंचवटे झिजतात आणि अखेर अस्तर सपाट होते. खाल्लेले अन्न मग अंगी लागत नाही.

हा आजार होण्यासाठी विशिष्ट आनुवंशिक ठेवण लागते. डीक्यू-2 किंवा डीक्यू-8 या नावाने ओळखली जाणारी ही ठेवण जगातील साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांत आढळते. प्रत्यक्ष आजार मात्र शंभरात सुमारे एकाला होतो. भारतात 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर, ईशान्य आणि दक्षिण भागांची तुलना केली होती. आनुवंशिक ठेवण तिन्ही भागांत जवळपास सारख्या प्रमाणात होती. आजाराचे प्रमाण मात्र उत्तरेत 1.23 टक्के आणि दक्षिणेत 0.10 टक्के निघाले. उत्तरेतील पाहणीत माणशी गव्हाचे सेवन दक्षिणेच्या कितीतरी पट होते. महाराष्ट्रातही गेल्या काही पिढ्यांत भाकरीच्या जागी पोळी आणि पाव आले आहेत, त्यामुळे इथेही हा आजार ध्यानात ठेवण्याजोगा झाला आहे.

गहू आणि या आजाराचा संबंध कळायला बराच काळ लागला. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल गी यांनी 1888 साली या आजाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण बरा झालाच तर तो आहाराने होईल, हे त्यांनी ओळखले होते, पण नेमका कोणता पदार्थ टाळायचा हे त्यांना उमगले नाही. पुढे 1924 पासून अमेरिकेत सिडनी हास यांनी मुलांना केळ्यांवर ठेवण्याची पद्धत रूढ केली. मुले सुधारत, पण केळ्यात काही औषधी गुण आहे, हा त्यामागचा समज चुकीचा होता. त्या आहारात पाव नव्हता, हे खरे कारण होते. ते नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी शोधले. गव्हाबद्दलचा संशय त्यांना 1930 च्या दशकातच आला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 च्या हिवाळ्यात, नेदरलँड्सच्या पश्चिम भागात भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव दुर्मीळ झाला. त्या काळात सिलिॲकची मुले सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागल्यावर ती परत आजारी पडली, असे निरीक्षण नोंदले गेले. डिके यांनी मुलांच्या आहारात धान्ये आलटूनपालटून घालून आपले म्हणणे तपासले आणि 1950 साली उत्रेख्त विद्यापीठाला प्रबंध सादर केला. आजचे पथ्य त्याच निष्कर्षावर उभे आहे.

आजाराची लक्षणे वयानुसार बदलतात. लहान मुलात वरचे अन्न सुरू झाल्यावर काही महिन्यांनी जुलाब लागतात, पोट फुगते, हातपाय बारीक राहतात, वजन वाढत नाही आणि मूल चिडचिडे होते. मोठ्या मुलात कधी फक्त उंची खुंटते. प्रौढांमध्ये पोटाची तक्रार नसतानाही आजार असू शकतो. लोह प्रामुख्याने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते आणि सिलिॲकचा घाव तिथेच सर्वांत आधी पडतो. म्हणून लोहाच्या गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन ही या आजाराची एक महत्त्वाची खूण मानली जाते. सततचा थकवा, हाडे ठिसूळ होणे, वारंवार तोंड येणे, गर्भधारणेतील अडचणी हीदेखील लक्षणे असू शकतात. काही रुग्णांच्या कोपरांवर, गुडघ्यांवर आणि कुल्ल्यांवर अतिशय खाज सुटणारे पुरळ उठते; तो याच आजाराचा त्वचेवरील आविष्कार असतो. ही लक्षणे इतर आजारांतही दिसत असल्यामुळे कित्येक रुग्णांवर जंत, आतड्याचा क्षय किंवा साधा अशक्तपणा समजून वर्षानुवर्षे उपचार होत राहतात.

निदानाची पहिली पायरी रक्ततपासणीची असते. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज या विकराविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे तीत मोजतात. ती वाढलेली आढळल्यास प्रौढांमध्ये साधारणपणे दुर्बिणीतून आतड्याच्या अस्तराचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू खाणे चालू ठेवावे लागते. संशय आला म्हणून गहू आधीच सोडला, तर प्रतिपिंडे कमी होतात, अस्तर भरू लागते आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा विकार आहे आणि त्याच्या तपासण्याही वेगळ्या आहेत.

निदान पक्के झाले की पथ्य सुरू होते आणि ते आयुष्यभर पाळावे लागते. पोळी, पाव, बिस्किटे, खारी, शेवया, रवा, मैदा, दलिया हे उघडपणे गव्हाचे पदार्थ आहेत. खपली हाही गहूच असल्याने तो चालत नाही. सेंद्रिय गहू किंवा गव्हाचे जुने वाण यांनाही अपवाद नाही. जव माल्टच्या रूपाने येतो; दुधात घालायच्या अनेक पुडींत आणि बिअरमध्ये तो असतो. ओट्समध्ये गव्हासारखे ग्लुटेन नसते, पण शेतात आणि कारखान्यात त्यात गहू मिसळलेला असतो. म्हणून ग्लुटेनमुक्त असल्याचे प्रमाणित केलेले ओट्सच, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, घ्यावे लागतात.

मराठी स्वयंपाकघराची मोठी जमेची बाजू अशी, की त्यातील बरीच मूळ धान्ये या रुग्णांना चालतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी आणि मका यांत हे ग्लुटेन नसते. सर्व डाळी, कडधान्ये, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे आणि मांसही चालते. कोकणातील आंबोळी, घावन आणि तांदळाची भाकरी, देशावरची ज्वारीची भाकरी आणि पिठले, खानदेशातील कळण्याची भाकरी हे आहार या पथ्यात जसेच्या तसे बसतात. उपवासाचा साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिरा आणि शिंगाडाही बसतात. बाजारात मिळणारी ग्लुटेनमुक्त बिस्किटे आणि पाव बरेच महाग असतात आणि पुष्कळदा पांढऱ्या तांदळाच्या पिठाचे किंवा मक्याच्या पिष्टाचे बनवलेले असतात. त्यात चोथा कमी असतो. भाकरीतून तो मिळतो. शिवाय शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, आणि हाडे कमकुवत झालेल्या रुग्णाला त्याची गरज असते.

या पथ्यातील खरी अडचण चालणाऱ्या पदार्थांत नकळत शिरणाऱ्या गव्हाची आहे. मेतकुटात आणि सातूच्या पिठात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीतही अनेक घरांत तो घालतात. कुरडया गव्हाच्या चिकाच्याच असतात. बाजारातल्या खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो, आणि तो हिंग फोडणीतून आमटी, भाजी, लोणचे अशा सगळ्यांत जातो. गव्हाऐवजी तांदळाचे पीठ वापरून केलेला हिंग मिळतो. घटकांची यादी वाचून तो निवडावा लागतो. सोया सॉसमध्ये गहू असतो. गुलाबजामात मैदा असतो.

सर्वांत मोठा धोका पिठाच्या गिरणीत असतो. गव्हानंतर त्याच गिरणीत ज्वारी दळली, की आधीचे पीठ तिच्यात उतरते. हे प्रमाण क्षुल्लक वाटते, पण तसे नसते. एका मध्यम पोळीत अंदाजे दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असते. इटलीतील संशोधकांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेल्यास अस्तराला इजा होते, असे दिसले. याचा अर्थ पोळीचा सुमारे पन्नासावा भागही रोज खाल्ला तर पुरेसा घातक ठरतो. म्हणून ज्वारी-बाजरी आणल्यावर निवडून त्यातले गव्हाचे दाणे काढावेत आणि फक्त ग्लुटेन नसलेल्या धान्यांसाठी राखलेल्या घरघंटीवर किंवा जात्यावर दळावे. शक्य असेल तर सबंध घराने गहू सोडणे सर्वांत सोपे जाते. तसे होत नसेल तर रुग्णासाठी चाळणी, पोळपाट-लाटणे, परात आणि तवा वेगळा ठेवावा, कारण चाळणीच्या जाळीत आणि लाकडाच्या चिरांत पीठ अडकून राहते. रुग्णाचा स्वयंपाक आधी करावा आणि गव्हाची कणीक नंतर मळावी.

घराबाहेर दक्षता आणखी वाढते. उपाहारगृहात बटाटेवडा बेसनाचा असला, तरी समोसे त्याच तेलात तळलेले असू शकतात. सत्यनारायणाचा प्रसाद रव्याचा असतो. लग्नाच्या पंगतीत एक घास खाण्याचा आग्रह होतो, आणि एका घासाने काय होते हा प्रश्न रुग्णाला सगळीकडे ऐकावा लागतो. गोव्यातील आणि वसईतील ख्रिस्ती रुग्णांपुढे वेगळा प्रश्न असतो. कॅथलिक चर्चच्या नियमानुसार पवित्र मिस्सेतील भाकर गव्हाची असावी लागते. पूर्णपणे ग्लुटेनविरहित भाकर ग्राह्य धरली जात नाही. अत्यल्प ग्लुटेनची भाकर किंवा केवळ द्राक्षारस घेण्याची मुभा मात्र आहे. शाळेत मुलाचा डबा, वाढदिवसाचा केक आणि सहल यांची कल्पना शिक्षकांना आधी द्यावी लागते. मुलाला स्वतःला आजार समजावून सांगितला, तर ते दुसऱ्याच्या डब्यातील पदार्थ नाकारायला लवकर शिकते. गणपतीत उकडीचे मोदक आणि दिवाळीत बेसनाचे लाडू, चिवडा व तांदूळ-डाळींच्या भाजणीची चकली असतेच. मात्र पीठ, हिंग आणि तळणीचे तेल यांत गव्हाचा अंश नाही, याची खात्री करून घ्यावी लागते.

विकत घेतलेल्या पदार्थांसाठी वेष्टनावरील मजकूर हा आधार असतो. भारतातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन असलेल्या पदार्थाला ग्लुटेनमुक्त म्हणता येते. आंतरराष्ट्रीय मर्यादाही हीच आहे. ग्लुटेन असलेले धान्य वापरले असल्यास तेही वेष्टनावर नमूद करावे लागते.

पथ्य सुरू झाल्यावर बहुतेकांना काही आठवड्यांत बरे वाटू लागते. मुलांची भूक आणि वजन वाढते. आतड्याचे अस्तर भरून यायला मात्र महिने लागतात, आणि प्रौढांमध्ये दोन वर्षांहून अधिक काळही लागू शकतो. तोपर्यंत लोह, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व औषधांच्या रूपाने द्यावे लागते. दुधातील साखर पचवणारे विकरही याच अस्तरात तयार होत असल्याने सुरुवातीला काहींना दूध सोसत नाही. अस्तर सुधारले की ते पुन्हा सोसू लागते. बरे वाटले म्हणून गहू पुन्हा सुरू केला, तर त्रास जाणवला नाही तरी आतून झीज सुरू होते. दीर्घकाळ पथ्य न पाळल्यास हाडे ठिसूळ होण्याचा आणि, क्वचित, आतड्यातील लसिकापेशींच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

यासाठी प्रतिपिंडांची तपासणी ठरावीक काळाने करून घ्यावी लागते. त्यांचे प्रमाण उतरत नसेल, तर बहुतेक वेळा ग्लुटेन कुठून तरी पोटात जात असते, आणि आहारतज्ज्ञाच्या मदतीने दळण, मसाले, तयार पदार्थ यांचा पुन्हा शोध घ्यावा लागतो. आजार आनुवंशिक असल्यामुळे रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही रक्ततपासणी करावी, असा सल्ला दिला जातो. अशा जवळच्या नातेवाइकांपैकी शंभरात सुमारे पाच ते दहा जणांना हा आजार असल्याचे आढळते, आणि त्यातील अनेकांना तपासणीपूर्वी कोणताही त्रास जाणवलेला नसतो.