कोणाला कळतंय?

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या गणेशोत्सवात आपल्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला सांगितलं होतं, की बँकेतल्या अनुभवांवर बोला. आता बँकेतल्या माणसाचे अनुभव म्हणजे काय, व्याजाचे दर आणि बदल्या. तुम्ही झोपाल. म्हणून विषय थोडा बदलून घेतला आहे. त्याला कारण घडलं ते लिफ्टमध्ये.

गेल्या महिन्यात भाजीची पिशवी घेऊन मी वर येत होतो. लिफ्टमध्ये आपल्याच सोसायटीतली दोन मुलं होती. एकाच्या पायात नवेकोरे पांढरे बूट. दुसऱ्याने विचारलं, "ओरिजिनल?" पहिला हळूच म्हणाला, "फर्स्ट कॉपी. पण कोणाला कळतंय?"

मुलांची नावं मी सांगणार नाही, घाबरू नका. रागावणारही नाही. कारण हेच वाक्य वीस वर्षांपूर्वी मी स्वतः बोललो होतो, आणि ते मला महागात पडलं. त्याच्याकडे शेवटी येतो.

आमच्या तरुणपणी ब्रँड हा शब्द कोणी वापरत नव्हतं. 'कंपनी' म्हणायचे. "चांगल्या कंपनीचं आहे हो," एवढं म्हटलं की विषय संपला. टूथपेस्ट म्हणजे कोलगेट, वनस्पती तूप म्हणजे डालडा आणि लोखंडी कपाट म्हणजे गोदरेज. ज्याच्या घरी गोदरेजचं कपाट आलं, त्याच्याकडे चाळीतले लोक कपाट बघायला म्हणून जायचे आणि चहा पिऊन यायचे.

घड्याळ म्हणजे एचएमटी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूरला हा कारखाना सुरू झाला. त्यांचं 'जनता' कारकुनाच्या मनगटावर आणि 'कांचन' जावयाच्या. कांचन सहजासहजी मिळायचं नाही, म्हणून त्याचा रुबाब. स्कूटरचंही तेच. बजाज चेतक १९७२ साली बाजारात आली. तयार व्हायची आकुर्डीला, म्हणजे इथून तासाभराच्या अंतरावर, पण नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची. त्या काळी थाट पैशाचा कमी आणि ताटकळण्याचा जास्त होता. वस्तू मिळाली यातच मोठेपणा. आवडीनिवडीचा प्रश्न फारसा नव्हताच, कारण निवडायला होतं काय? १९९१ नंतर दुकानं भरली आणि तेव्हा प्रथमच आम्हाला कोणीतरी विचारलं, "साहेब, यातलं कोणतं हवं?" खरं सांगतो, आम्ही गोंधळलो. अजून गोंधळलेलेच आहोत.

बदल्यांमुळे मला एक फायदा झाला. माणसं काय मिरवतात, ते गावोगावी बघायला मिळालं.

लुधियानाला असताना एका ग्राहकाने पहिल्याच भेटीत विचारलं, "साहब, गाडी कौन सी है?" माझ्याकडे स्कूटर. ते ऐकून त्याचा चेहराच उतरला. स्कूटरवर फिरणारा मॅनेजर आपलं एवढं मोठं कर्ज काय मंजूर करणार! मला वाटलं, किती उथळ माणूस. पुढे त्याच्या घरी जेवायला गेलो. वडील शेजारी बसले होते. १९४७ साली पलीकडून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेले. सायकलचे सुटे भाग बनवून त्यांनी सगळं पुन्हा उभं केलं होतं. तेव्हा मनात आलं, ज्याचं सगळं एका रात्रीत गेलं, त्याला मिळवलेलं चारचौघांत दाखवावंसं वाटणारच. त्यात उथळ काय आहे?

चेन्नईला, म्हणजे तेव्हाच्या मद्रासला, उलटा अनुभव. पांढरं वेष्टी, पायात रबरी चपला, हातात कापडी पिशवी. नवीन आलेल्या माझ्या कारकुनाने त्यांना उभं ठेवलं. पिशवीतून मुदत ठेवींच्या पावत्यांचा गठ्ठा निघाला, तसा कारकून स्वतःच उभा राहिला. पण त्याच गृहस्थांच्या घरच्या लग्नात गेलो, तर प्रत्येक बाईच्या अंगावर कांजीवरम आणि सोनं. साधेपणा कुठे ठेवायचा आणि कुठे नाही, हे त्यांचं पक्कं ठरलेलं.

कोल्हापूरला कंपनीचं नाव कोणी विचारत नव्हतं, चप्पल कोणाकडून करून घेतली ते विचारायचे. कापशी हवी की साधी, वेणी कशी, करकर वाजायला हवी की नको, यावर आमच्या शाखेत अर्धा-अर्धा तास चर्चा चालायची. शिपायाला त्यातलं माझ्यापेक्षा जास्त कळायचं आणि ते तो मला स्पष्ट सांगायचा. त्या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून. आणि २०२५ सालच्या जूनमध्ये इटलीतल्या प्राडा या बड्या कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशीच चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नावही न घेता. केवढा गदारोळ झाला, तो तुम्ही वाचलाच आहे. नंतर कंपनीने मान्य केलं, की प्रेरणा इथल्याच कारागिरांची. आपल्याला राग आला तो योग्यच. पण प्राडाचं नाव आल्यावर आपण कोल्हापुरीकडे पुन्हा वळून बघितलं, हेही खरं. त्याआधी आपल्यापैकी किती जणांच्या घरी कोल्हापुरी होती? हात वर करू नका, माझ्याही घरी नव्हती.

आता आपलं पुणं. आपण पुणेकर म्हणतो, आम्हाला डामडौल आवडत नाही. साधी राहणी, उच्च विचारसरणी. असेल. पण दुकानावर 'आमची कुठेही शाखा नाही' अशी पाटी लावणं, हा साधेपणा आहे की मिरवणं? आपण मोटारीचं नाव सांगत नाही, मुलाच्या कंपनीचं नाव सांगतो. शर्ट कुठला ते सांगत नाही, शाळा कुठली ते पहिल्या दोन वाक्यांत सांगतो. "मुलगा कुठे असतो?" या प्रश्नाचं उत्तर देताना आपला आवाज किती बदलतो, ते एकदा ऐकून बघा. आणि "मी दहा वर्षं हीच चप्पल वापरतोय," हे वाक्य मी स्वतः किती अभिमानाने बोलायचो! लुधियानाचा माणूस गाडी दाखवत होता, मी झिजलेली चप्पल दाखवत होतो. दाखवत दोघेही होतो.

आता त्या वाक्याकडे येतो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी नाशिक जिल्ह्यात होतो. विणकरांच्या कर्जांच्या पाहणीसाठी येवल्याला जायचो. एका घरात मागावर पैठणी होती. मी पदराकडे बघून "छान आहे" म्हणालो, जसं साहेब लोक म्हणतात तसं. तो विणकर म्हणाला, "पुढून सगळेच बघतात साहेब, मागून बघा." त्याने कड उलटून दाखवली. मोर पुढून जेवढा सुबक, तेवढाच मागून. एक धागा लोंबत नव्हता. हातमागावर प्रत्येक रंगाचा धागा हाताने, जागच्या जागी गुंतवत नेतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या. यंत्रावरच्या कापडात धागे मागून मोकळे धावतात. साध्या पैठणीला काही आठवडे लागतात, भरगच्च पदराला कितीतरी महिने.

हे सगळं मी घरी येऊन पत्नीला सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. तिने तेव्हा काही मागितलं नाही. बँकेच्या माणसाच्या बायका मागत नसत.

पुढे आपण सगळे इथे राहायला आलो. तुम्ही बहुतेक जण तिला 'काकू' म्हणायचात. तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. २००५ साली आमच्या मुलीचं लग्न ठरलं. त्याच्या आदल्याच वर्षी टीव्हीवर 'होम मिनिस्टर' सुरू झालं होतं. रोज संध्याकाळी कोणीतरी वहिनी पैठणी जिंकायची आणि आमच्या घरी वरणाला फोडणी उशिरा पडायची. एक दिवस ही म्हणाली, "लेकीच्या लग्नात मला एक पैठणी घ्यायची आहे. येवल्याची. हातमागावरची."

मी किंमत विचारली. मग म्हणालो, "अगं, सेमी पैठणी मिळते. एक दशांश किमतीत. दिसायला अगदी तशीच. कोणाला कळतंय?"

ती म्हणाली, "मला कळतंय ना."

मी हसलो. मला तो विनोद वाटला. वर तिला साधी राहणी समजावली. आणि लक्ष्मी रोडवरून सेमी पैठणी आली.

आता हिशेब ऐका, मी बँकेतला माणूस आहे. त्याच लग्नात जावयाला परदेशी बनावटीचं घड्याळ घेतलं. किंमत खऱ्या पैठणीच्या आसपास. एका शब्दाने कुरकुर केली नाही. कारण ते चारचौघांत दिसणार होतं, आणि त्याच्या तबकडीवर नाव होतं. कार्यालय पाहिजे होतं त्यापेक्षा मोठं घेतलं. का, तर लोक काय म्हणतील.

लग्नाच्या दिवशी आपल्याच सोसायटीतल्या बायका तिच्याभोवती जमल्या. "काय सुंदर पैठणी आहे हो!" आणि ही सगळ्यांसमोर म्हणाली, "खरी नाही हो, सेमी आहे." मी शेजारीच उभा होतो. माझे कान गरम झाले. रात्री मी तिला रागावून म्हणालो, "सांगायची काय गरज होती?"

ती म्हणाली, "मी काय नेसले आहे ते सांगितलं. तुम्हाला कशाची लाज वाटली?"

याचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. आज देतो. मला लाज वाटली, कारण साधेपणा मला नको होताच. मला खऱ्या पैठणीचा मान हवा होता, फक्त पैसे द्यायचे नव्हते. लिफ्टमधला तो मुलगा आणि मी, दोघांत फरक एवढाच, की त्याने कॉपी स्वतःच्या पायात घातली. मी ती दुसऱ्याच्या अंगावर घातली आणि त्याला तत्त्व असं नाव दिलं. तिला पैठणी मिरवायची नव्हती. तिला तो मागून-पुढून सारखा मोर हवा होता. तिची ती आवड होती, आणि मी त्याला हौस-मौज आणि दिखावा समजलो.

२०१० साली निवृत्त झालो, ग्रॅच्युइटी आली. तेव्हा म्हणालो, "चल, येवल्याला जाऊ." तर म्हणाली, "आता कुठे नेसून जाऊ? गुडघे दुखतात." मी पुन्हा आग्रह केला नाही. करायला हवा होता. ती सेमी पैठणी आजही कपाटात आहे. गोदरेजच्याच.

हे सगळं घरचं मी इथे का सांगतो आहे? कारण परवा माझा नातू बूट हवेत म्हणून हटून बसला. खाली खेळायला येईना. मुलं चिडवतात म्हणे. माझ्या तोंडावर साध्या राहणीचं भाषण आलंच होतं. गिळलं. त्याला दुकानात नेलं आणि विचारलं, "कंपनी राहू दे. तुला स्वतःला यातलं काय आवडतं?" तो बराच वेळ गप्प उभा राहिला. मला वाटतं, हे त्याला पूर्वी कोणी विचारलंच नव्हतं. मग त्याने सात-आठ जोड घालून बघितले, दुकानभर चालून बघितलं आणि निळे घेतले. फार महाग नव्हते, अगदी स्वस्तही नव्हते. खाली मुलांनी चिडवलं की नाही, ते मी विचारलं नाही. पण तो खेळायला येतो आहे.

मित्रहो, चांगल्या कंपनीची वस्तू घेणं हा गुन्हा नाही. चांगलं काम केलेल्या माणसाला त्याचे पैसे मिळालेच पाहिजेत, मग तो कारखाना असो, कापशीचा कारागीर असो की येवल्याचा विणकर. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हेही मी जन्मभर कर्जदारांना सांगत आलो. ऐपत नसेल तर "परवडत नाही" असं सरळ म्हणावं. त्यात कमीपणा नाही. पण परवडत असताना तत्त्वाच्या आड लपू नये, आणि परवडत नसताना नावाच्या आड लपू नये.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. पार्किंगमध्ये तेव्हा स्कूटरी होत्या, आता दोन-दोन मोटारी आहेत. चांगलं आहे. फक्त खालच्या पटांगणात एक करता आलं तर बघा. तिथे आपली मुलं खेळतात, वॉचमनचा मुलगाही खेळतो. मुलं एकमेकांना "कोणत्या कंपनीचे?" असं विचारतात, ते आपल्याकडूनच शिकलेली आहेत. आपण घरात काय विचारतो, ते ती ऐकत असतात.

आणि पुरुष मंडळींना खास विनंती. घरातल्या माणसाने एखादी गोष्ट मनापासून मागितली, तर "कोणाला कळतंय?" असं म्हणू नका. तिला कळत असतं.

गणपती बाप्पा मोरया!