भागाकाराशिवाय मूळ संख्या



वर्गमुळापर्यंत भागून पाहायचं, कुणी भाग गेला नाही तर संख्या मूळ, असं आपण शिकलो. आता २चा १२७वा घात घ्या आणि १ वजा करा. ३९ अंकी संख्या येते. सेकंदाला एक भागाकार करत नुसत्या विषम संख्यांनी भागत बसलो, तरी विश्वाचं आजवरचं वय पुरणार नाही!

तरी १८७६ साली फ्रान्सच्या एदुआर ल्यूका यांनी ती मूळ असल्याचं हातानं गणित करून सिद्ध केलं. लेमर यांनी पुढे या रीतीला सोपं रूप दिलं. ३१वर, म्हणजे २चा ५वा घात वजा १वर, करून पाहू. ४पासून सुरुवात. वर्ग करा, २ वजा करा, ३१नं भागून बाकी ठेवा. १४ येतात, मग १९४, बाकी ८, मग ६२, बाकी शून्य. घातांकाहून दोन कमी पायऱ्यांत शून्य आलं, म्हणजे ३१ मूळ. १२७ला १२५ पायऱ्या.

२०४७ला, म्हणजे २चा ११वा घात वजा १ला, नवव्या पायरीवर शून्य येत नाही. संख्या मूळ नाही हे कळतं, पण २३ आणि ८९ हे तिचे विभाजक ही रीत सांगत नाही. मला तिचा हा अबोलपणाच आवडतो. २०२४मध्ये सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्याही शेवटी याच रीतीनं पक्की केली गेली.