परभाषेच्या घरी जाताना



वार्षिक परीक्षा संपत आल्या की गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय घरांतून अलीकडे एक नवा विषय चर्चेला येतो. आठवी-नववीतील मुलाने शाळेत जर्मन किंवा फ्रेंच घेतलेली असते. एखादे माहितीपत्रक घरी येते. तीन आठवडे परदेशी जा, तेथील कुटुंबात राहा, तेथील भाषा आत्मसात करून या, असे त्याचे आवाहन असते. खर्च लाखांच्या घरात जाणारा असतो. आई-वडील बचतीचा हिशेब मांडतात, आजी काळजीत पडते आणि मुलाचे मन केव्हाच विमानात बसलेले असते. पाठवावे की न पाठवावे, हा प्रश्न वरवर पैशाचा दिसतो; पण त्याच्या मुळाशी भाषा कशी शिकली जाते आणि ती कोणाच्या आधाराने टिकते, हा प्रश्न आहे.

भाषा तिच्या माणसांत राहून शिकावी, हा विचार नवा नाही. गिरगाव चौपाटीसमोरच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ साली मुंबईस आले. मुंबईत स्थिरावण्यापूर्वी त्यांनी कोकणात हर्णै-बाणकोट येथे मुक्काम ठोकला, तो मराठी शिकण्यासाठी. काही महिन्यांतच ते मराठीतून प्रवचने देऊ लागले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि १८३९ मध्ये पारशी तरुणांच्या धर्मांतरावरून मुंबईत केवढे वादळ उठले, हे इतिहासाला ठाऊक आहे. हेतूचा निषेध करताना पद्धतीचे मर्म मात्र दुर्लक्षिता येत नाही. ज्यांच्या मनापर्यंत पोहोचायचे, त्यांच्या अंगणात जाऊन त्यांची भाषा शिकावी लागते, हे त्या परक्या माणसाने ओळखले होते.

शालेय मुलांच्या बाबतीत हा विचार राष्ट्रीय धोरण म्हणून राबविला तो फ्रान्स आणि जर्मनीने. १८७०, १९१४ आणि १९३९ अशी तीन युद्धे या दोन शेजाऱ्यांनी सत्तर वर्षांच्या आत परस्परांशी केली. २२ जानेवारी १९६३ रोजी त्यांच्यात एलिझे करार झाला. त्यात परस्परांची भाषा शिकविण्याला स्थान होते आणि त्याच वर्षी उभय देशांचे संयुक्त युवक कार्यालय स्थापन झाले. तेव्हापासून लक्षावधी मुले एकमेकांच्या देशांत राहून आली. शाळाशाळांमधील देवघेवीची रीत अशी की, फ्रेंच मुलगा ज्या जर्मन घरी राहतो, त्या घरचा मुलगा पुढे त्याच्या घरी पाहुणा म्हणून येतो. या व्यवहारात केवळ ग्राहक असा कोणीच नसतो. प्रत्येक जण यजमानही असतो. हा मुद्दा पुढे उपयोगी पडणार आहे.

आपल्या मुंबईत या प्रवासाची वाट बहुधा काळा घोडा येथील मॅक्समुल्लर भवनासारख्या संस्थांवरून जाते. जर्मन शासनाने २००८ साली जगभरातील शाळांना जोडणारी 'पाश' नावाची योजना सुरू केली. तिच्यातील शाळांमधून निवडलेल्या विद्यार्थ्यांना जर्मनीतील युवक शिबिरांसाठी शिष्यवृत्ती मिळते. जपानने २००७ मध्ये 'जेनेसिस' ही युवक देवघेवीची योजना आखली. तिच्यातून भारतीय शालेय विद्यार्थीही जपानला जाऊन आले. रोटरीच्या युवक विनिमयात तर मूल संपूर्ण शैक्षणिक वर्ष परदेशी कुटुंबांत राहते आणि तेथील शाळेत शिकते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने माध्यमिक स्तरावर जपानी, कोरियन, जर्मन, फ्रेंच, रशियन आदी भाषांची दारे उघडी ठेवली आहेत. कुशल मनुष्यबळ पाठविण्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. म्हणजे हा आता केवळ श्रीमंतांच्या हौसेचा विषय उरलेला नाही. लालबाग-परळच्या तरुणाच्या पोटापाण्याशीही तो जोडला गेला आहे.

तर मग तीन आठवड्यांत भाषा येते काय? येथे साधे गणित करून पाहावे. स्वतंत्रपणे व्यवहार करता येईल अशी जी पातळी युरोपीय मोजपट्टीत 'बी-एक' म्हणून ओळखली जाते, तिच्यासाठी जर्मन भाषेच्या ढोबळमानाने ३५० ते ६५० तासिका लागतात. आठवड्याला २० तासिका धरल्या तर तीन आठवड्यांत होतात ६०. ज्या मुलाची पाटी कोरी आहे, तो या साठ तासिकांत नमस्कार-चमत्कारापलीकडे फारसा जात नाही. पण ज्याने येथे दोन-तीन वर्षे नेटाने अभ्यास केला आहे, त्याच्या बाबतीत काही वेगळेच घडते. पहिले चार-सहा दिवस तो गोंधळतो, मुका होतो, संध्याकाळपर्यंत त्याचे डोके जड होते. मग यजमान बाईंना आपण मांस खात नाही हे समजावताना, रविवारी दुकाने बंद का असतात हे विचारताना, चुकलेली बस पुन्हा केव्हा येईल याची चौकशी करताना पुस्तकातले शब्द जिवंत होऊ लागतात. परदेशातील मुक्काम बी पेरत नाही. पेरलेल्या बियाण्यावर तो पाऊस पाडतो. पेरणी येथेच, आपल्या वर्गात आणि आपल्या घरी व्हावी लागते.

या पेरणीची सर्वांत सुपीक जमीन कोणती? ती मुलाची मातृभाषा होय. मराठी मुलाला आपल्या या श्रीमंतीची कल्पनाच नसते. इंग्रजी भाषक विद्यार्थी जर्मनमधील तीन लिंगे पाहून गांगरतो. आपल्या मुलाच्या घरात तो, ती, ते जन्मापासून नांदतात. जर्मनमध्ये मुलगी या अर्थाचा शब्द नपुंसकलिंगी आहे म्हणून जगभरचे विद्यार्थी हसतात. लालबागच्या मालवणी घरातल्या मुलाला त्यात नवल वाटू नये, कारण त्याच्या आजीचे 'चेडू'ही नपुंसकलिंगीच असते. 'तू' कोणाला म्हणावे आणि 'आपण' कोणाला, हा जर्मन व फ्रेंच शिष्टाचार आपल्याला शिकवावा लागत नाही. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात. ही रचना मराठीच्या ओळखीची आहे. मात्र ज्या मुलाची मराठी 'किचन'मधल्या दोनशे शब्दांवर आटली आहे, त्याला हे भांडवल वापरताच येत नाही. स्वभाषेत अर्धवट राहिलेले मूल परभाषेतही अर्धवटच राहण्याची भीती असते.

म्हणून माहितीपत्रक हाती आले की पालकांनी चार प्रश्न जरूर विचारावेत. मुलाचा पूर्वाभ्यास किती झाला आहे? निवास खरोखरच कुटुंबात आहे की सर्व भारतीय मुलांच्या एकत्रित वसतिगृहात? दहा मित्र सोबत असले तर दिवसभर चालते ती हिंदी-इंग्रजी. मग परदेशात जाऊनही मुक्काम मुंबईतच होतो. रोज किती वेळ वर्गात जाईल आणि किती वेळ बसमधून स्थलदर्शनात? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : परतल्यावर पुढील वर्षभर त्या भाषेचे काय होणार? गुणांसाठी घेतलेली जर्मन बारावीनंतर विसरायची, हे ठरलेलेच असेल तर त्या पैशांतून सहकुटुंब चारधाम यात्रा केलेली बरी!

ज्यांना हा खर्च झेपत नाही, त्यांनी खंत करू नये. भाषासहवासासाठी पारपत्र लागतेच असे नाही. धारवाडच्या कानडी घरी, बडोद्याच्या गुजराती घरी, भुवनेश्वरच्या उडिया घरी आपले मूल महिनाभर राहिले आणि तेथले मूल आपल्या परळच्या घरी आले, तर खर्च रेल्वेच्या तिकिटाचा. 'एक भारत श्रेष्ठ भारत' या योजनेत महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी घातली गेली, ती अशाच देवघेवीसाठी. शासकीय कार्यक्रमांना मर्यादा असतात. परिचित कुटुंबांचे जाळे ज्या समाजाकडे आहे, त्याला हे काम शासनाविनाही करता येते.

आणि येथेच यजमानपणाचा मुद्दा पुन्हा पुढे येतो. एकोणिसाव्या शतकात कोकणातून अनेक मराठी कुटुंबे मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गेली. त्यांचे वंशज आज घरी बहुतांशी क्रिओल बोलतात. तरीही तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत तिचे अध्यापन होते. समजा, त्यांपैकी एखादी चौदा वर्षांची मुलगी मराठीच्या सहवासासाठी तीन आठवडे गिरगावात आली. ती टॅक्सीवाल्याशी बोलेल, उपाहारगृहात थाळी मागवेल, दादरच्या फुलबाजारात भाव विचारील. किती जण तिला मराठीत उत्तर देतील? तिचे अडखळणे ऐकताच आपण उपकार केल्यासारखे हिंदीत वा इंग्रजीत वळू. जर्मन खेड्यातला पाववाला आपल्या मुलाला जर्मनमध्येच उत्तर देतो, दोनदा देतो, सावकाश देतो. त्याच्या त्या स्वाभाविक आग्रहामुळेच ती भाषासहल सार्थ होते. लक्षावधी रुपये मोजून आपण जे विकत घेतो, ते खरे तर त्या पाववाल्याचे स्वभाषेवरील प्रेम असते!

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याआधी २०२० मध्ये राज्यातील सर्व शाळांत मराठी अनिवार्य करणारा कायदा झाला. दर्जा दिल्लीने दिला, कायदा मुंबईने केला. आता राहिले ते काम चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या जिन्यात आणि दुकानाच्या फळीवर करावयाचे आहे. मुलांना अवश्य परदेशी पाठवा. ती परततील तेव्हा त्यांना तेथील व्याकरणाबरोबर हेही विचारा, की त्या लोकांनी तुझ्याशी स्वतःची भाषा किती वेळा सोडली? त्या उत्तरात आपल्या प्रत्येकासाठी एक धडा असेल. दारी आलेल्या परप्रांतीयाशी, परदेशस्थाशी हसतमुखाने, सावकाश आणि न कंटाळता मराठीत बोलण्यापासून त्या धड्याचा आरंभ करता येईल, आणि त्यासाठी उद्याची सकाळ पुरेशी आहे.