‘मिच्छामि दुक्कडं’ आणि भ्रमणध्वनी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीविषयी बोलण्याचा अधिकार ज्येष्ठ विश्वस्तांचा, आणि ते काम त्यांनी आत्ताच समर्थपणे केले आहे. मला संयोजकांनी ‘आधुनिक तंत्रज्ञान आणि आपला समाज’ असा विषय दिला. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य कापडाच्या गादीवर गेले. तंत्रज्ञानातले मला जे कळते, ते नातवंडांनी शिकविले तेवढेच. म्हणून विषयाचा मोठा पसारा न मांडता त्यातील एकच गोष्ट घेतो, जी आपणा सर्वांच्या घरी दर वर्षी घडते. ती म्हणजे संवत्सरीची क्षमापना.

माझ्या लहानपणी पर्युषणाच्या आधी घरात क्षमापना-पत्रिकांचा गठ्ठा छापून येत असे. मजकूर ठरलेला, खाली आमच्या पेढीचे नाव. पत्ते लिहिण्याचे काम आम्हा भावंडांकडे. परंतु वडिलांची एक रीत होती. पत्ते लिहिण्यास बसण्यापूर्वी ते वर्षाची खातेवही उघडत आणि ज्याच्याशी भावावरून, मापावरून किंवा उधारीवरून बोलाचाली झाली असेल त्याचे नाव वेगळ्या कागदावर टिपून घेत. अशी तीन-चार नावे दर वर्षी निघत. त्यांना छापील पत्रिका जात नसे. त्यांना वडील स्वतःच्या हाताने कार्ड लिहीत, आणि त्यात अमुक महिन्यात अमुक मालाच्या वेळी माझ्या तोंडून असे शब्द गेले, असा स्पष्ट उल्लेख असे. गावातच राहणाऱ्याला कार्डही नाही. पारणे झाले की त्याच्या दारात स्वतः जाऊन उभे राहत. आम्हाला तेव्हा त्याची लाज वाटे. एवढा मोठा व्यापारी हमालाच्या घरी हात जोडून उभा राहतो, हे पाहण्याची सवय गावालाही नव्हती.

पत्राद्वारे क्षमा मागण्याची आपली परंपरा फार जुनी आहे. पूर्वीचे श्रीसंघ दूर असलेल्या आचार्य भगवंतांना विज्ञप्तिपत्रे पाठवीत. लांबच लांब गुंडाळी, तिच्यावर गावाची चित्रे, बाजारपेठ, मंदिरे. आणि मजकुरात चातुर्मासाची विनंती व संघाची क्षमायाचना. आग्र्याच्या संघाने 1610 साली विजयसेनसूरींना पाठविलेले विज्ञप्तिपत्र शालिवाहन या चित्रकाराने रंगविले होते. पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याच्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा प्रसंग त्यात चितारलेला आहे. म्हणजे साधन हे नेहमीच होते. आज हातात भ्रमणध्वनी आला म्हणून धर्म बुडाला, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

उलट, त्याचे उपकार मी मानतो. 2020 च्या ऑगस्टमध्ये कोरोनामुळे मंदिरे बंद होती. मुंबईतील दादर, भायखळा व चेंबूर येथील तीन मंदिरांना पर्युषणाच्या अखेरच्या दोन दिवसांपुरती परवानगी मिळाली, तीही सर्वोच्च न्यायालयातून. बाकी सर्वांनी घरी बसून, कोणी पुस्तक समोर ठेवून तर कोणी पडद्यावर पाहून सांवत्सरिक प्रतिक्रमण केले. त्या वर्षी दूरच्या मुलाचा चेहरा त्या लहानशा काचेवर पाहून ज्यांनी क्षमापना केली, त्यांच्या डोळ्यांतील पाणी खोटे नव्हते.

मग माझी तक्रार कशाविषयी आहे? ती समजण्यासाठी थोडे शास्त्राकडे वळावे लागेल. पाठशाळेत शिकलेली मंडळी मला सांभाळून घेतील.

आपल्या कर्मग्रंथांत कषायांचे चार प्रकार सांगितले आहेत आणि व्यापाऱ्याला चटकन समजावे अशी प्रत्येकाची मुदतही दिली आहे. संज्वलन क्रोध पंधरवडाभर टिकतो, पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा. प्रत्याख्यानावरण चार महिने, वाळूतील रेघेसारखा. अप्रत्याख्यानावरण वर्षभर, जमिनीला पडलेल्या भेगेसारखा, जी पुढच्या पावसाळ्यात बुजते. आणि जो वर्ष उलटूनही जात नाही तो अनंतानुबंधी, पर्वताला पडलेल्या चिरेसारखा. तो जन्मभर राहतो आणि सम्यक्त्वच येऊ देत नाही. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणांचे अंतर याच मुदतींशी जुळते. संवत्सरी म्हणजे मनातील वैराची शेवटची वसुलीची तारीख. ती चुकली की खाते बुडीत.

‘मिच्छामि दुक्कडं’ या शब्दांतील प्रत्येक अक्षराचा अर्थ पूर्वाचार्यांनी लावून ठेवला आहे. त्यात ‘क’ या अक्षराचा अर्थ ‘हे पाप माझ्याकडून घडले आहे’ अशी कबुली असा आहे. आता आपण जो संदेश पाठवितो तो आठवून पाहावा. ‘जाणता-अजाणता, मन-वचन-कायेने आपले मन दुखावले असल्यास’. ‘असल्यास’! दुखावले की नाही, हे ठरविण्याचे कामही आपण समोरच्यावरच टाकतो. वडिलांच्या कार्डात ‘असल्यास’ नव्हते.

कुंभाराची कथा आपण व्याख्यानात अनेकदा ऐकली आहे. एक बालमुनी खडे मारून कुंभाराची मडकी फोडतो आणि प्रत्येक मडक्यागणिक ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. शेवटी कुंभार त्याचा कान पिळतो आणि प्रत्येक पिळीबरोबर स्वतःही ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो. संवत्सरीच्या संध्याकाळी माझ्या फोनवर शे-दोनशे संदेश येऊन पडतात, फुले, दिवे, जोडलेले हात. कित्येकांच्या खाली पाठविणाऱ्याचे नव्हे, तर भलत्याच गावच्या भलत्याच परिवाराचे नाव असते, कारण ते पुसण्याइतकीही सवड कोणाला झालेली नसते. अशा वेळी मला तो कुंभार आठवतो.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. 2018 च्या जुलैत धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. अशा घटनांनंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली आणि 2020 साली फार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. अशा संदेशावर दोन बाणांची खूण येते. ती खूण मी आपल्या क्षमापनेच्या संदेशांवरही पाहिली आहे. ज्या बंधनाने अफवेला आवरायचे, ते आपल्या क्षमायाचनेलाही लागू व्हावे, यापेक्षा अधिक काय बोलावे!

आता स्वतःचे सांगतो. दुसऱ्याचे दोष दाखवून खाली बसणे या व्यासपीठाला शोभणारे नाही.

काही वर्षांपूर्वी माझे व माझ्या धाकट्या बंधूंचे दुकानाच्या वाटणीवरून बिनसले. रकमेपेक्षा शब्द मोठे झाले. मी त्यांच्या मुलांसमोर त्यांना ‘तुला गादीवर बसविले तीच माझी चूक’ असे म्हणालो. त्यानंतर येणे-जाणे थांबले. त्यांचे घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे आहे.

मी मात्र निश्चिंत होतो. कारण माझ्या फोनमध्ये सुमारे दोनशे चाळीस नावांची एक ब्रॉडकास्ट यादी होती, तिच्यात बंधूंचे नाव होते आणि दर संवत्सरीला एक कळ दाबून मी सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडं’ पाठवीत होतो. चार वर्षे पाठविले. त्यांच्याकडून एकदाही उत्तर आले नाही. मी घरात म्हणत असे, ‘मी माझे कर्तव्य केले, त्याचा अहंकार त्याच्यापाशी.’ प्रतिक्रमणाच्या कटासण्यावर बसतानादेखील या विचाराचे एक प्रकारचे समाधान मला होते, हे आज कबूल करतो.

2022 साली नवा फोन घेतला तेव्हा माझी नात त्याची मांडणी करीत होती. मी तिला सहज म्हणालो, काकाआजोबांना दर वर्षी संदेश जातो, पण ते बघतसुद्धा नाहीत. तिने पाहिले आणि म्हणाली, ‘आजोबा, त्यांना तो पोहोचलेलाच नाही. एकच खूण आहे. ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच जातो, ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये ठेवलेला असतो.’

बंधूंनी माझा क्रमांक रागाने काढून टाकला होता की फोन बदलताना तो राहून गेला होता, हे मी आजतागायत विचारलेले नाही. चार वर्षांच्या चारही संदेशांपुढे एकेकच करडी खूण उभी होती. म्हणजे त्यांच्या बाजूने पाहता, सख्ख्या थोरल्या भावाने चार संवत्सऱ्या कोरड्या घालविल्या होत्या. मी ज्याला त्याचा अहंकार म्हणत होतो, त्यालाच ते माझा अहंकार म्हणत असणार. आणि त्यांचे म्हणणे खरे होते, कारण दोन गल्ल्या चालून जाण्यापासून मला कोणीही अडविले नव्हते.

संवत्सरीला अजून महिना-दीड महिना अवकाश होता. तेवढे थांबावे, असे एकदा मनात आले. मग वडिलांची खातेवही आठवली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी गेलो. दार भावजयीने उघडले. ‘दादा आलेत,’ एवढेच तिने आत सांगितले. बंधू बाहेर आले. मी छापील वाक्य म्हटले नाही. मुलांसमोर जे म्हणालो होतो ते वाक्य जसेच्या तसे उच्चारले आणि ते माझे दुष्कृत होते, असे सांगितले. मुलेही घरातच होती. बंधू बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘दादा, ते वाक्य मी विसरलो असतो. पण तुम्ही लक्षात ठेवलेत, हे बरे झाले.’

वाटणीचा हिशेब अजूनही पुरता मिटलेला नाही. एका गाळ्याच्या मूल्यांकनावर आमचे आजही मतभेद आहेत आणि ते मोठ्याने होतात. परंतु चहा होतो.

तपश्चर्येविषयीही दोन शब्द बोलावे असे मनात होते. अठ्ठाई केलेल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलीला पारण्याआधी ‘तुझ्या फोटोला किती जणांनी पसंती दिली?’ असे विचारणारे पालक आपल्यातच आहेत. त्या वयात तिला आपली ओळख स्टेटसवरून कळावी की स्वतःच्या मनोनिग्रहावरून, हे आपण ठरवायला हवे. अनुमोदना अवश्य करावी. पण चोवीस तासांनी जे स्टेटस पुसले जाते, त्याच्यासाठी तिला सजवून बसवू नये. वेळेअभावी हा विषय एवढ्यावरच सोडतो. कापडाच्या धंद्यातही आज सुरतेचा माल फोनवरच्या छायाचित्रावरून घेतला जातो. रंग दिसतो, पोत हाताला लागत नाही, आणि परत येणाऱ्या गाठी कोणाच्या अंगावर पडतात, हे समोर बसलेले व्यापारी जाणतात.

विश्वस्त मंडळास माझी एक नम्र विनंती आहे. पूर्वी संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या उपाश्रयाचे सभागृह सकाळपासून उघडे असे आणि लोक एकमेकांना भेटत. गेल्या काही वर्षांत ते बंद असते, कारण कोणी येत नाही. ते येत्या वर्षापासून पुन्हा उघडावे. सतरंज्या घालाव्यात आणि पाण्याची सोय असावी. भाषणे व सत्कार नकोत. ज्यांना दुसऱ्याच्या घराची पायरी चढणे जड जाते, त्यांना भेटण्यास एक मधली जागा मिळेल. सतरंज्या धुण्याचा व घालण्याचा खर्च आमच्या पेढीकडे लागला, असे समजावे. त्या दिवशी दाराशी मी आणि माझे बंधू दोघेही उभे असू. त्यांना विचारूनच हे सांगत आहे.

या भाषणात माझ्याकडून जिनाज्ञेविरुद्ध काही बोलले गेले असेल तर मिच्छामि दुक्कडं. जय जिनेंद्र.