विंचू किती वाजता चावला?



उंद्रीत विंचवावर बोलायला डॉक्टर लागत नाही. गोवऱ्यांच्या ढिगात, दगडाखाली तो कुठे भेटतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. मी सांगणार आहे ते एका फॉर्मविषयी.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असताना विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात आमचे एक सर विंचूदंशाच्या रुग्णांच्या नोंदी ठेवत होते. मी आपणहून मदतीला गेलो. विद्यार्थ्यांच्या संशोधनासाठी आयसीएमआरची १९७९ पासून योजना आहे, तिच्यात स्टायपेंड मिळतो. माझे काम बिनपगारी, चहा सरांचा. काम सोपे वाटले. नातेवाइकांची संमती घ्यायची आणि विचारायचे : विंचू कधी चावला, घाम कधी सुटला, उलटी कधी झाली, दवाखान्यात कधी आणले.

पंधरा दिवसांनी सरांनी माझे फॉर्म चाळले. सगळीकडे सात, साडेसात, आठ.

"काय रे, विंचू एसटीचं टाइमटेबल बघून चावतात का?"

मी गप्प. कोणी "अंधार पडला होता" म्हणाले की मी साडेसात लिहून मोकळा व्हायचो. शाळेत आपण प्रयोगवही कशी भरायचो, हे आता सरांसमोर कबूल करायला हरकत नसावी. एकाची निरीक्षणे आणि बाकी सगळ्यांच्या वह्या! तीच सवय वॉर्डात घेऊन गेलो होतो.

सरांनी ते सगळे फॉर्म बाद केले. रागावले नाहीत, म्हणून जास्त लागले. मग त्यांनी डॉ. हिम्मतराव बावस्करांविषयी सांगितले. आपल्या शेजारच्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचा हा माणूस. १९७६ मध्ये महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाला, विंचू चावलेल्यांच्या उशाशी बसून दिसेल ते लिहीत राहिला. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणे 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. लाल विंचवाच्या विषाने आधी घाम, उलट्या, हातपाय गार. पुढे काही तासांत फुफ्फुसात पाणी. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वेळेवर दिली तर माणूस वाचतो, हे त्यांनी दाखवले. "आता मला सांग," सर म्हणाले, "वेळेवर म्हणजे कधी, हे तुझ्या फॉर्मवरून कसं कळणार?"

त्यानंतर मी घड्याळाचे विचारणे सोडले. दूध काढून झाले होते का? शेवटची एसटी गेली होती का? लाइट गेली तेव्हा की आल्यावर? एकेका फॉर्मला अर्धा तास लागायचा. पण गावाकडची बोली कामी आली, शहरातल्या मित्रांना हे जमत नव्हते.

एका रात्री आपल्याच भागातली एक आजी नातवाला घेऊन आली. पोराचे अंग घामाने भिजलेले, हात बर्फासारखे. गोळी लगेच दिली. नंतर मी वेळ विचारली.

"बाबू, पोरगं वरडलं, मी पयाली. घड्याय पाह्याले कोन बसलं होतं?"

मी तीन-चार प्रकारे विचारून पाहिले. काही जुळेना. साडेसात लिहायला हात शिवशिवला, खोटे कशाला बोलू. शेवटी त्या रकान्यात लिहिले, 'नक्की सांगता आले नाही.'

सकाळी सरांनी तो फॉर्म वाचला आणि काही न बोलता फाइलला लावला. पोरगा खाटेवर बसून बिस्किट खात होता.