उघाडी आणि हृदयाचा ठोका

सोडियम आणि कॅल्शियम पेशीत शिरले की हृदयाचा ठोका पडतो. पोटॅशियम बाहेर गेले की पेशी पुढच्या ठोक्याला मोकळी होते. कोकणात खाडीकाठच्या बांधाला उघाडी असते. ओहोटीला तिच्यातून पाणी निघाले नाही तर आतले शेत तुंबते. हृदयपेशीतली पोटॅशियम वाहिनी ही अशीच उघाडी.

एकविसाव्या गुणसूत्रावरचे केसीएनई१ हे जनुक या वाहिनीचा एक उपघटक घडवते. हे प्रथिन अवघे १२९ अमिनो आम्लांचे, पेशीपटलातून एकदाच आरपार जाणारे. वाट असते ती अकराव्या गुणसूत्रावरच्या केसीएनक्यू१च्या चार रेणूंची. पण ती एकटी असली तर झटकन उघडते आणि थोडाच प्रवाह सोडते. केसीएनई१ची जोड मिळाली की सावकाश उघडते, प्रवाह मात्र कितीतरी मोठा होतो. १९९६मध्ये दोन गटांनी एकाच वेळी हे दाखवले. तोवर हे चिमुकले प्रथिन स्वतःच वाहिनी असावे, असाही तर्क होता.

धावताना, पोहताना ॲड्रेनलिन वाढते, ठोके जलद पडतात आणि या प्रवाहाची खरी गरज तेव्हाच लागते. तो कमी पडला तर ईसीजीतले क्यूटी अंतर लांबते, ताल बिघडतो, शुद्ध हरपते. केसीएनक्यू१च्या दोषात पोहणे हे तर ओळखीचे निमित्त. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या किनाऱ्यावर कोणी बुडाले की बोल पाण्याच्या ओढीला लागतो, आणि बहुधा तो खराही असतो. मात्र चांगला पोहणारा शांत पाण्यात एकाएकी निपचित पडला, तर त्याच्या भावंडांचाही ईसीजी काढायला हवा.

ॲड्रेनलिनचे वादळ कोकणाला नवे नाही. लाल विंचवाच्या दंशात तेच उठते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा त्यावरचा प्राझोसिनचा उपचार १९८६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. गंमत अशी की याच विंचवाच्या विषातले आयबेरिओटॉक्सिन दुसऱ्या एका जातीची पोटॅशियम वाहिनी बंद करते, आणि प्रयोगशाळांत ते अभ्यासाचे नेहमीचे साधन झाले आहे.

केसीएनई१ची जोडवाहिनी अंतर्कर्णातल्या द्रवातही पोटॅशियम सोडते. म्हणून आईवडील दोघांकडून सदोष प्रत आली तर मूल जन्मतः बहिरे असते आणि त्याचे क्यूटीही लांबलेले असते. येर्वेल आणि लांगे-निल्सन यांनी १९५७मध्ये नॉर्वेतल्या अशा एका घराची नोंद केली: सहा मुलांपैकी चार बहिरी, त्यांतली तीन अचानक दगावली. महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत जुनी आहे. अशा घरांत दोन सदोष प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. हे सांगण्यात डॉक्टरांना संकोच नसावा.

डॉक्टरांना विनंती एकच आहे: जन्मतः बहिऱ्या मुलाला घेरी किंवा झटका आला, तर फेफऱ्याच्या गोळ्या लिहिण्याआधी त्याचा ईसीजी काढून क्यूटी मोजावे.